मॅटखालचा हात

बद्रीनाथला भीती वाटत होती, आणि कशाची वाटते ते सांगायची चोरी होती. नुसती भीती असती तर माणूस कुणाच्या तरी कानावर घालून मोकळा होतो. पण ह्याच्या भीतीचं कारण सांगायला तोंड उघडलं असतं, तर सत्तावीस वर्षं दाबून ठेवलेलं भलतंच काही बाहेर पडलं असतं. म्हणून गडी आष्टीच्या मैदानावर, लिंबाच्या झाडाखाली, पाण्याच्या जारला टेकून मूग गिळून बसला होता.

समोर काथ्याची मॅट ताणलेली. आष्टीच्या पोरांनी पंचवीस ओव्हरीत एकशे अडुसष्ट धावा केलेल्या. आता जेवणाची सुट्टी, आणि सुट्टीनंतर दिंद्रुडची बॅटिंग. सलामीला कोण? बद्रीनाथची पोरगी. संस्कृती. वय एकोणीस, अंगानं सडपातळ, आणि डोक्यात क्लबचं ते मोठ्या माणसाच्या मापाचं हेल्मेट, जे मान वळवली की क्षणभर उशिरा वळतं.

आता ही लीग काय भानगड आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. दिंद्रुडचा राधाकिशन एसटीत कंडक्टर होता. त्यानं औरंगाबादला मॅटवर चाललेली मॅच बघितली आणि खुळा झाला. कुठल्याशा कॉलेजनं टाकून दिलेली फाटकी मॅट त्यानं एसटीच्या टपावर चढवली आणि गावात आणली. मुरुमाची पट्टी चोपून त्यावर ती खिळ्यांनी ठोकली, आणि झाला आझाद क्रिकेट क्लब. दोन वर्षांत आष्टीनं क्लब काढला, मग मांजरसुंब्यानं. लीगचं पंचांग आमचं आम्हीच ठरवलं. अर्धीअधिक पोरं ऊसतोडीला कारखान्यावर जायची, म्हणून पाडव्याला टोळ्या परत आल्या की पहिली मॅच, आणि मृग लागायच्या आत फायनल. जगात कुठं अशी लीग असेल तर दाखवा!

नियम एकच, पण लोखंडी: मॅट यजमानांची, निवड पाहुण्यांची. आमच्यात टॉस नाही. पाहुण्यांनी म्हणायचं, आधी बॅटिंग का बॉलिंग. आणि मॅट अंथरायची, ठोकायची ती यजमानांनीच. उन्हानं काथ्या सैल पडतो, म्हणून सुट्टीत मॅट पुन्हा ताणावी लागते. तीही यजमानांनीच. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. ह्या लीगमध्ये स्टंप मोडले, मांडव उधळले, एक अंपायर तर कडब्याच्या गंजीत लपून बसला होता. पण मॅटवर कुणी कधी संशय घेतला नाही.

इथंच तर मेख होती.

अठ्ठ्याण्णव साली फायनल दिंद्रुडला होती. बद्रीनाथ तेव्हा वीस वर्षांचा, अंगात रग, आणि बॉल असा सुसाट की विकेटकीपर शिव्या घालायचा. समोर आष्टीचा मन्मथप्पा. साऱ्या जिल्ह्यात त्याच्यासारखी बॅट कुणाची चालत नव्हती. विद्यापीठाच्या संघात त्याचं नाव लागलं होतं, पुढच्याच महिन्यात जायचा होता. मन्मथप्पा टिकला तर दिंद्रुड हरलं, हे शेंबडं पोरही सांगत होतं. सुट्टीत मॅट ताणायला बद्रीनाथ गेला. खिळे काढले, मॅटीची कड उचलली, आणि फुटक्या माठाची एक चपटी ठिकरी खांद्यापर्यंत हात घालून आत सरकवली. बॉल ठिकरीवर पडेल, जरा उसळेल, बॅटीची कड घेईल, झेल उडेल. एवढंच होतं त्याच्या डोक्यात. देवाशपथ एवढंच.

दुसऱ्या ओव्हरीचा चौथा बॉल, बद्रीनाथचाच, बरोब्बर तिथं पडला, आणि मन्मथप्पाच्या डाव्या डोळ्यात गेला.

हेल्मेट कुणाकडं होतं तेव्हा! लोकांनी त्याला जीपमध्ये घातलं, गलका झाला, बायका रडायला लागल्या. त्या गोंधळात बद्रीनाथनं मॅट गुंडाळायच्या निमित्तानं ठिकरी काढली आणि विहिरीत टाकली. डोळा गेला तो गेलाच. आष्टीवाले पुढं खेळले नाहीत, कप दिंद्रुडला मिळाला. लीगनं चामड्याचा कडक सीझन बॉल बंद केला आणि पुढची कैक वर्षं टेनिस बॉलवर काढली.

मन्मथप्पाची सासुरवाडी दिंद्रुडची. क्रिकेट सुटलं, विद्यापीठ सुटलं, म्हणून त्यानं बायकोच्या गावी किराणा दुकान टाकलं. दुकानाच्या फळ्या कुणी ठोकल्या? बद्रीनाथनं. साखरेची पोती कुणी वाहिली? बद्रीनाथनं. आप्पाची पोरगी अपेक्षा तापानं फणफणली तेव्हा माजलगावला मोटरसायकलवर कुणी नेलं? लोक म्हणायचे, काय दोस्ती आहे! वय सारखंच, तरी हा त्याला ‘तुमी’ म्हणायचा आणि तो ह्याला ‘तू’. बद्रीनाथ मनातून पार मेलेला असायचा. शंभरदा सांगायला म्हणून दुकानात गेला आणि शंभरदा बिडीचं बंडल घेऊन परत आला.

आणि मन्मथप्पा! त्यानं कुणाला एका शब्दानं दोष दिला नाही. एका डोळ्यानं आझाद क्लबची पोरं शिकवायला बसला. लीगच्या दर वर्षीच्या स्मरणिकेत तोच इतिहास लिहायचा, आणि अठ्ठ्याण्णव सालापुढं त्याच्याच हातचं वाक्य असायचं: ‘चेंडू सरळ होता. माझी नजर हलली.’ नवीन पोर आलं की तो मातीत बोटानं खूण करायचा. “हितं पडला बघ. क्रीजपासून आठ पावलं, ऑफच्या दांडीच्या एक वीत बाहेर. मी येक पळ मान काढली. तू काढू नको.” पोरं मान डोलवायची. बद्रीनाथ असला तर तिथून उठून जायचा.

संस्कृती अकराव्या वर्षी ह्याच माणसाकडं शिकायला लागली, आणि बापाला नाही म्हणायला तोंड नव्हतं. दोन वर्षांमागं लीगमध्ये सीझन बॉल परत आला, कारण पोरांना निवड चाचण्यांना जायचं होतं. पोरींना घ्यायचं का, ह्यावर कमिटीत तीन तास भांडण झालं. मन्मथप्पा म्हणाला, “नियमात गावचा रहिवासी लिवलंय, गावचा बाप्या न्हाई लिवलं.” झालं, पोरगी संघात. आणि आज फायनल, पुढच्या आठवड्यात तिची राज्याच्या संघासाठी चाचणी. आता बद्रीनाथला भाकरी गोड कशी लागणार, सांगा.

सुट्टीत सगळे पिठल्यावर तुटून पडले होते. बद्रीनाथची भाकरी तशीच. त्याची नजर मॅटीवर. आष्टीचा कॅप्टन अंगद, पंचविशीचा, धिप्पाड, त्यांचा सगळ्यात जोराचा बॉलर, एकटाच हातोडी घेऊन मॅटीकडं गेला. लिंबाकडच्या बाजूचे चार खिळे उपटले. मॅटीची कड उचलली. आणि गुडघ्यावर बसून खांद्यापर्यंत हात आत घातला.

बद्रीनाथ जारपासून सरकून ताठ बसला.

हात आत काहीतरी चाचपत होता. मग बाहेर आला. अंगदनं इकडं तिकडं पाहिलं, खिळे ठोकले आणि हात झटकत निघून गेला. बद्रीनाथला दुसरं काही सुचेना. हे त्यानं एकदा स्वतः केलं होतं, अगदी असंच, इकडं तिकडं बघणंसुद्धा असंच. काय आहे ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि आष्टीवाले मन्मथप्पाचा डोळा विसरले असतील कशावरून? कुणीतरी म्हातारा गडी विहिरीपाशी उभा असेल तेव्हा, त्यानं पाहिलं असेल. आज फिटंफाट करायला बसलेत. माझ्या पोरीवर.

तो उठला. मन्मथप्पा झाडाच्या पलीकडं संस्कृतीच्या पॅडचे पट्टे आवळत होता.

“आप्पा, आज संस्कृतीला खाली धाडा. पाचव्या नंबरला.”

“कावून?”

“ऊन लई हाय.”

मन्मथप्पा हसला. “ऊन काय सलामीलाच लागतंय व्हय बे? काय झालंय तुला? तोंड बघ पार पांढरं पडलंय.”

“काय न्हाई. हेल्मेट सैल हाय तिचं.”

“पप्पा, तुमी जाऊन बसा बरं,” संस्कृती म्हणाली. “तुमच्याकडं बघून मलाच भ्या वाटायलंय.”

त्यानं तोंड उघडलं. ‘मॅट बघा’ हे दोन शब्द ओठांवर आले. पण मॅट यजमानांची. चाळीस वर्षांत कुणी संशय घेतला नाही, आणि आज हा कशावरून घेणार? कशावरून, असं आप्पानं विचारलं तर? त्यानं तोंड मिटलं. हे त्यानं केलं, हो. पोरीच्या डोळ्यापेक्षा स्वतःचं झाकलेलं त्याला त्या घटकेला मोठं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून त्याला स्वतःची किळस आली.

मग तो अंपायरकडं गेला. सुग्रीव नावाचा मांजरसुंब्याचा गडी, ढाबा चालवायचा, तिऱ्हाईत म्हणून बोलावलेला.

“सुग्रीव, मॅट नीट ताणली का बघितलंस?”

“बघितली की. पाटासारखी हाय.”

“मधी, मधी बघितलंस?”

“आता मदी चालून बघू काय, बूट घालून? आष्टीवाले मारत्याल मला,” सुग्रीव म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

संस्कृती क्रीजवर गेली. लिंबाच्या बाजूलाच तिची स्ट्राइक. रस्त्याच्या बाजूनं अंगदनं रनअप मोजला. मांडवातला माईक बोंबलत होता, “आष्टीचा वाघ आता बॉलिंगला!” लोक शिट्ट्या मारत होते. बद्रीनाथनं लिंबाचं खोड धरलं. झाडाची साल नखात गेली तरी कळलं नाही.

पहिला बॉल लेगच्या बाहेर गेला. वाइड. बद्रीनाथनं श्वास सोडला. दुसरा पुढं पडला, संस्कृतीनं तो नीट दाबला. तो मनात म्हणाला, फुलटॉसच टाक बाबा, सगळे फुलटॉसच टाक, चौके गेले तरी चालतील, आम्ही हरलो तरी चालेल. आम्ही वगैरे कसलं, त्याला त्या वेळी ना क्लब दिसत होता ना कप. त्याला मॅटीवरची एक वीतभर जागा दिसत होती.

तिसऱ्या बॉलला अंगदनं जोर लावला. बॉल आखूड पडला, उसळला, आणि संस्कृतीच्या हेल्मेटला घासून गेला. हेल्मेट गर्रकन फिरलं. पोरीला क्षणभर काही दिसेना, ती आंधळ्यासारखी उभी, जाळी कानावर आलेली. लोक “ओऽऽ” करून ओरडले.

आणि बद्रीनाथ धावला.

“थांबा! थांबवा! मॅट उचला!”

पन्नाशीला टेकलेला माणूस, पायातली चप्पल निघून गेली, धोतर सावरत थेट पिचवर. सुग्रीव आडवा आला, त्याला त्यानं ढकललं. “पप्पा, काय करायलाव?” संस्कृती ओरडली. तो ऐकत नव्हता. क्रीजला टाच लावली आणि मोठ्यानं मोजत चालला. “येक, दोन, तीन...” आठ पावलं. मग वाकून ऑफच्या दांडीची रेघ धरली, एक वीत बाहेर सरकला आणि तिथं हात ठेवला.

“हितं! हितं हाय! काढा, मॅट काढा!”

अंगद पळत आला, लाल झालेला. “काका, तुमी आमच्या मॅटीवर आळ घ्यायलाव? चाळीस वर्सांत आसं कुनी केलं न्हाई!”

“तू हात घातलास! मी बघितलंय!”

“घातला! बापे खेळत्यात तवा आमी बघत न्हाई, पन आज पोरगी खेळनार, मापाचं हेल्मेट न्हाई. खालून खडाबिडा वर आला आसंल तर म्हणून चाचपून बघितलं. एक बारका निघाला, तो फेकला. हे पाप झालं काय?”

सुग्रीवनं हातोडीच्या चिमट्यानं खिळे उपटले. मॅट उलटी केली. खाली मुरूम होता. झाडलेला, पाणी मारून चोपलेला, तळहातासारखा सपाट. बद्रीनाथनं दोन्ही हातांनी तो चाचपला, पुन्हा चाचपला, नखानं खरवडला. काही नव्हतं. त्याला एकदम बरं वाटलं, इतकं बरं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी सुखरूप होती. तो “काही न्हाई, काही न्हाई” असं पुटपुटत हसायला लागला.

आणि मग त्यानं वर पाहिलं.

मन्मथप्पा समोर उभा होता. तो मातीकडं पाहत नव्हता. बद्रीनाथच्या हाताकडं पाहत होता, जो अजून तिथंच टेकलेला होता. तो हळूच उकिडवा बसला, आणि स्वतःचं बोट त्याच जागेवर ठेवलं.

“बद्री,” तो म्हणाला. आवाज इतका खाली की अंगदला पुढं सरकावं लागलं. “खडा आसता तर कुटंबी आसता. तू हितंच कावून आलास?”

बद्रीनाथला थाप सुचली असती. पोरांना शिकवताना तुम्हीच ही जागा दाखवता, म्हणून आलो, असं म्हणता आलं असतं. साधं उत्तर होतं, आणि ते खपलंही असतं. पण त्यानं पाहिलं की त्या एका डोळ्यात राग नव्हता. तो माणूस काहीतरी मागत होता, भीक मागितल्यासारखं.

“मही नजर हालली म्हणून डोळा गेला,” मन्मथप्पा म्हणाला. “सत्तावीस वर्सं सांगायलोय मी पोरांला. हालली व्हती का न्हाई? तेवडं सांग.”

“न्हाई, आप्पा,” बद्रीनाथ म्हणाला. “ठिकरी व्हती. मी घातली व्हती. सुट्टीत.”

बद्रीनाथनं मान खाली घातली आणि तडाख्याची वाट पाहिली. सुग्रीवनं टाकलेली हातोडी अंगदच्या पायाशी होती. आष्टीचे दहा गडी भोवती होते. आता पडेल, आता पडेल.

मन्मथप्पा तसाच जमिनीवर बसला, पाय पसरून. मग त्याच्या तोंडून हुंदका आला का हसू ते कुणाला कळलं नाही.

“म्हंजी मी बरोबर खेळलो व्हतो,” तो म्हणाला. “आरं, मी बरोबर खेळलो व्हतो की!” तो प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत ते पुन्हा सांगायला लागला, अंगदला, सुग्रीवला, आष्टीच्या पोरांना. “मी मान काढली न्हवती.” मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

बद्रीनाथ त्याच्या पायाला हात लावायला सरकला. मन्मथप्पानं पाय ओढून घेतले.

सुग्रीव घसा खाकरून म्हणाला, “खेळायचं का न्हाई? मॅट ठोकायची तर ठोका.” अंगद जागचा हलला नाही. ठोकायचा हक्क यजमानांचा, पण यजमानांचं लक्ष नव्हतं. बद्रीनाथनं पडलेली हातोडी घेतली. काहीतरी करावं म्हणून घेतली. एक खिळा लावला, मारला, वाकडा गेला. दुसरा मारला, हातावर बसला.

तेव्हा एक हात पुढं आला आणि त्याच्या मुठीतून हातोडी काढून घेतली. हातमोजे काढलेला, घामेजलेला हात. संस्कृतीनं हेल्मेट बगलेत धरलं होतं. तिचं तोंड त्याला नीट दिसलं, आणि इतकी वर्षं आपल्याला खरी भीती ह्याच नजरेची होती ते त्याला तेव्हा समजलं.

“अंगददादा, मी ठोकू का?”

अंगदनं मान डोलवली.

“पप्पा, बाजूला सरका,” ती म्हणाली.

तिनं मॅट ओढून ताणली आणि चारही खिळे एकेका घावात बसवले. मग मन्मथप्पाला हाताला धरून उठवलं, त्याच्या सदऱ्याची माती झटकली आणि हेल्मेटाचा पट्टा बांधायला त्याच्यापुढं मान केली. त्यानं तो बांधला. त्याला वेळ लागला, कारण त्याला नीट दिसत नव्हतं, आणि ती तोवर हलली नाही.

बद्रीनाथ अनवाणी लिंबाकडं चालत निघाला. मागं सुग्रीवनं “प्ले” म्हटलं. त्यानं वळून पाहिलं नाही. बॅटीवर बॉल लागल्याचा आवाज आला, लोक ओरडले, आणि चौका गेला का विकेट, ते विचारायची त्याची हिंमत झाली नाही.